फिनलंडच्या पाइनच्या फळ्या : टिंबर मार्केटमधली खरेदी

पुस्तकांच्या मांडणीसाठी कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमधून पाइनच्या १४ फळ्या घेतल्या. गठ्ठ्यावर फिनलंडचा शिक्का होता. रंधा मारल्यावर घरभर राळेचा वास सुटला, दोन दिवस टिकला. आमच्या सुतारमामांनी एका फळीच्या टोकावर बोट ठेवलं, "वहिनी, वलयं बघा." एका इंचात मी २३ मोजली. थंडीत झाड इतकं सावकाश वाढतं!

तिथे तोड करताना हेक्टरी साधारण ५० ते १५० जोमदार झाडं बियाण्यासाठी उभी ठेवायची पद्धत आहे. पाइनच्या रोपाला भरपूर ऊन लागतं, दाट सावलीत ते तगत नाही. म्हणून मोकळी जागा करतात, वरचा शेवाळाचा थर खरवडून खालची माती उघडी पाडतात. फूल आल्यापासून बी गळायला दोन वर्षं लागतात, मग पंखवालं बी वाऱ्यावर पसरतं. अगदी उत्तरेला उन्हाळा इतका आखूड की बी पिकेल असं साल क्वचितच येतं. तिथली तोड फार जपूनच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

फळ्या हलक्या, खिळा सहज बसतो. गाठी आहेत, मला आवडल्या. एक फळी पिळलेली निघाली, दुकानदारांनी लगेच बदलून दिली. सागवानाची मजबुती यात नाही आणि वाळवीचं औषध मारल्याशिवाय वापरू नका. आपल्या पावसाळ्यात पॉलिशचे दोन हात मागच्या बाजूलाही द्या.