पूलचा खेळ शिकायला गेलो आणि ३५,४०० रुपये घालवले

मी जुगारी नाही, हे आधी सांगतो. आयुष्यात लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि संध्याकाळी क्लबात पूल खेळतो, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल पॉकेटात घालायचा खेळ. त्यातल्या नाइन बॉलमध्ये (नऊ नंबरचा बॉल घालेल त्याचा डाव) दोन वर्षं हात पुढे सरकत नव्हता. तगड्या माणसासमोर उभं राहिल्याशिवाय खेळ सुधारत नाही, आणि तगडा माणूस फुकट कशाला खेळेल? म्हणून पैसे द्यायला तयार झालो. यात माझं काय चुकलं?

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत क्लबच्या मार्करनं, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या माणसानं, एकाशी गाठ घालून दिली. "मालक, पुण्यात खेळलेला माणूस हाय, तयार करून सोडेल तुम्हाला." ठरलं असं: आधी पाच रॅक, म्हणजे डाव, घेईल त्याचा सामना, सामन्याला ५०० रुपये, टेबलचं भाडं हरणाऱ्यानं भरायचं. मला सवलत म्हणजे आठ नंबरचा बॉल घातला तरी रॅक माझा.

पहिल्या सहांत दोन जिंकलो, चार हरलो. मग "आता तुमचा हात बसला" म्हणून त्यानं आठची सवलत काढून घेतली आणि सामना १,००० वर नेला. पुढच्या सहांत एकच जिंकलो. सवलत काढतात तेव्हा रक्कम कमी व्हायला हवी, हे तेव्हा सुचलं नाही. तुम्ही लक्षात ठेवा.

सगळे निकाल मी वहीत लिहीत होतो. नऊ पराभव, त्यातले सात ५-४. रोज आकडे जुळवणारा माणूस मी! कुणाच्या खतावणीत असे आकडे दिसले असते तर त्याच दिवशी व्हाउचर मागवले असते. इथे मात्र "थोडक्यात गेलं" म्हणत घरी जायचो.

आणि तो आठ नंबरचा बॉल. पॉकेटच्या तोंडाशी होता, कुणीही घातला असता. यानं चुकवला, आणि पांढरा, म्हणजे ज्याला काठी मारतात तो बॉल, दोन कुशन (टेबलच्या कडा) घेऊन वरच्या कुशनला चिकटून थांबला. मला तिथून काहीच मारता येईना. "नशीब तुमचं," असं मीच म्हणालो. त्या रात्रीच कळायला हवं होतं. खरा चुकणारा माणूस पांढराही गमावतो. याचा बॉल चुकायचा, पांढरा कधीच चुकायचा नाही. समोरच्याचा चुकलेला बॉल बघू नका, त्यानंतर पांढरा कुठे थांबतो ते बघा.

याहून जास्त संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. चांगला खेळ बघायला मिळावा म्हणून मी पैसे देत होतो, आणि तो मला मुद्दाम वाईट खेळ दाखवत होता. शिकलो काय? काही नाही.

मग पुण्याहून त्याचे गुरू दहा दिवस शिकवायला येणार म्हणून १५,००० रुपये यूपीआयनं घेतले. पावती मागितली नाही. शेवटचा सामना आधी सात रॅक घेईल त्याचा, १०,००० वर. ७-१ नं हरलो. सलग तीन रॅक त्यानं ब्रेकपासून, म्हणजे पहिल्या फटक्यापासून, साफ केले, मी खुर्चीवर बसून होतो. दुसऱ्या दिवशी फोन बंद, गुरू आलेच नाहीत. मार्करचा त्यात वाटा असतो, हे क्लबातल्या दोन पोरांनी नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं?

सामन्यांत १५,०००, शिकवणीचे १५,०००, टेबलचे ५,४००.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी ऐकलं, "पैसे लावून खेळलात ना? मग तुमच्यावरच गुन्हा घेऊ का?" मी शिकवणीचे १५,००० वेगळे काढून दाखवले. ती पैज नव्हती, फी होती. यूपीआयवर त्याचं नाव, तारीख, वेळ सगळं आहे. भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. उत्तर मिळालं, "स्वतःच्या हातानं पाठवले ना?" अहो, फसलेला प्रत्येक माणूस स्वतःच्याच हातानं पाठवतो! तिसऱ्या दिवशी हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली. तिथे अडीच तास बाकावर बसवून अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. माझा अर्धा दिवसाचा पगार कापला गेला तो वेगळाच. अर्ज दोन प्रतींत न्या, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

पैजेचे पैसे विसराच, असं वकील म्हणाले. करार कायद्याच्या ३० व्या कलमानं पैजेचा करारच रद्दबातल, कोर्टात वसुली नाही. शिकायचंच असेल तर तासाची फी ठरवा, पावती घ्या, सामन्यावर एक रुपयाही लावू नका. मार्करनं आणलेला माणूस तर नकोच.

बायकोला अजून फक्त १५,००० माहीत आहेत. सोमवारी वहीच्या झेरॉक्स घेऊन वरच्या साहेबांकडे जाणार आहे.