१५०-६०० लेन्स, आठ महिने आणि मागचं अंगण

आठ महिने झाले ही लेन्स घेऊन, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं. ६०० मिलिमीटरपर्यंत झूम, म्हणजे लांबचं खूप जवळ आणणारी लेन्स आहे म्हटल्यावर पहिला महिनाभर मी लांबचेच पक्षी टिपत होते, पन्नास-साठ मीटरवरच्या झाडाचा शेंडा, भर दुपार, आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर. लेन्सच खराब आली असं वाटलं होतं. पण तापलेली हवा मधे थरथरत असते आणि तिच्यातून कुठलीही लेन्स शार्प फोटो देऊ शकत नाही. हे कळल्यावर लांबचं सोडलं आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले, तिथून या लेन्सचा खरा वापर सुरू झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही लेन्स लांबच्या पक्ष्यासाठी नाहीच, जवळचा पक्षी न बिचकवता बघण्यासाठी आहे. शिंजीर म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटरचा जीव. क्रॉप सेन्सरवर (माझ्या कॅमेऱ्यातला लहान आकाराचा सेन्सर) ६ मीटरवरून तो जवळजवळ अर्धी फ्रेम भरतो, आणि तेवढ्या अंतरावर मी गप्प बसले असले तर तो फुलावरून हलत नाही. मात्र तिथे फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, दोन-अडीच सेंटिमीटर असते, म्हणजे डोळा शार्प आला तर शेपटी गेली. मला ते चालतं, डोळा यायलाच हवा. बॅक बटन फोकस (फोकस शटरऐवजी मागच्या बटनावर) आणि फोकसचा एकच पॉइंट, एवढं करा, पानांच्या गर्दीत बाकी मोड फांदीच पकडतात.

शिंजीरावर तर मी वेगळं लिहू शकते. नराची ती निळीजांभळी चमक रंगद्रव्याची नाही, पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो तेव्हाच ती दिसते, त्यामुळे ऊन माझ्या पाठीमागून आलं तर तो पेटल्यासारखा दिसतो आणि त्याने मान जरा वळवली की कोळशासारखा काळा. एका बर्स्टमधल्या, म्हणजे सलग धडाधड काढलेल्या, दहा फोटोंत एखादाच लागतो. विणीचा हंगाम सरल्यावर नराची चमकदार पिसं गळतात, पोट पिवळं होतं आणि गळ्यापासून खाली एक काळपट पट्टा राहतो. हे वाचलेलं होतं मी, पण आपल्याच जास्वंदीवर आठवड्या-आठवड्याने ठिपक्याठिपक्यांनी बदलताना बघितलं तेव्हा रोज सकाळी कॅमेरा काढल्याशिवाय राहवेना!!

आता त्रासाचं. वजन दोन किलोच्या आसपास, कॅमेरा वेगळा. हातात दहा मिनिटांच्या वर धरवत नाही, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्याच. ट्रायपॉडवर ठेवली की स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करते. लेन्स खाली तोंड करून लटकवली की झूम आपोआप बाहेर सरकतो, लॉक लावायची सवय करून घ्या. २.८ मीटरच्या आत फोकस होत नाही, पाण्याचं पसरट भांडं मी आधी दारात ठेवलं होतं ते त्यासाठीच मागे सरकवलं. आणि ६०० ला लेन्स एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही, उजेड कमी येतो, म्हणजे पहाटे अंधार. शिंपी पक्षी क्षणभर थांबत नाही, त्याला १/१६०० सेकंदाचा शटर तरी लागतो, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे, येतो. मी ग्रेन स्वीकारला, हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. दयाळ पक्षी काळापांढरा, त्याचा पांढरा पट्टा फुटतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग होतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, फोटो थोडा काळोखा.

पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर फंगस, म्हणजे बुरशी, येण्याची भीती खरी आहे. सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवते, आत आर्द्रता ४०-५० टक्के.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. वेलीत बुलबुलाने घरटं केलं होतं. दोन पानं बाजूला केली असती तर पिल्लांचा फोटो सुंदर आला असता, पण ती पानं म्हणजेच त्यांचं छप्पर, कावळ्याला घरटं दिसायला तेवढी फट पुरते. मी खिडकीची काच उघडून (काचेतून काढू नका, फोटो धुरकट येतो) पडद्याच्या फटीतून ८ मीटरवरून फक्त आईबापांची ये-जा टिपली. फोनवर आवाज लावून पक्षी बोलावणंही नको, त्याला वाटतं हद्दीत दुसरा कोणी घुसला, आणि तो खाणं सोडून भांडायला येतो.

पिल्लं उडाली त्या सकाळी शेवटचं पिल्लू कठड्यावर बराच वेळ बसून होतं, शेपटी अजून वाढायची होती. सात मीटर, १/१०००, आयएसओ २०००. आठ महिन्यांतला तो माझा सगळ्यात आवडता फोटो, आणि त्यात पिल्लू माझ्याकडे बघतही नाहीये.