इथेनॉलसाठी ऊस की मका?

पेट्रोलला पर्याय म्हणून इथेनॉलचा प्रकल्प उभारू पाहणारा मित्र या प्रश्नावर अडला आहे. टनामागे उसाच्या रसापासून सुमारे ७०-८० लिटर, तर मक्यापासून ३८० लिटरांच्या आसपास इथेनॉल मिळते. पण उसाचे एकरी उत्पादन कितीतरी जास्त असल्याने एवढ्यावरून निकाल लावू नये. माझ्या मते खरा फरक ऊर्जेचा आहे: उसातली साखर थेट आंबवता येते आणि ऊर्ध्वपातनाला (आंबवलेल्या द्रवातून इथेनॉल वेगळे करायला) लागणारी वाफ त्याच्याच चिपाडावर तयार होते, मक्याचे पीठ मात्र शिजवून, विकरांच्या (एन्झाइम्सच्या) साहाय्याने त्यातल्या स्टार्चची साखर करावी लागते आणि त्यासाठी इंधन सहसा बाहेरून आणावे लागते. साठवणुकीत मका सरस. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला तरी साखर घटू लागते. मुबलक पाणी आणि लगतची शेती असेल तर ऊस घ्यावा. पाणी बेताचे असून प्रकल्प वर्षभर चालवायचा असेल, शिवाय उरलेल्या चोथ्याला पशुखाद्य म्हणून मागणी असेल, तर मका.