नुसता शॉकअप की स्प्रिंगसकट?

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरचा डांबरी रस्ता लाटालाटांचा होतो. मराठवाड्यात कारच्या पुढच्या शॉकअपचा, म्हणजे गचक्यानंतरचं डोलणं आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्याचा, जीव जातो तो असा.

नुसता शॉकअप बदलणं स्वस्तात पडतं. दांड्याखाली तेल ओघळलंय, गचक्यानंतर गाडी डोलत राहते, पण दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे, तर तेवढंच पुरे. मात्र शॉकअपवर बसवलेली जुनी स्प्रिंग उतरवायला ती दाबून धरणारा स्प्रिंग-कंप्रेसर हवाच. तारेनं आवळून काम भागवणारा मिस्त्री दिसला की चावी परत घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायचा.

टायरवरची फट एका बाजूला कमी दिसतेय, स्पीडब्रेकरला बूड घासतंय किंवा खालचं वेटोळंच तुटलंय, तर मात्र स्प्रिंगसकट बदला. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिचं डोलणं आवरतो. बसलेल्या स्प्रिंगवर नवा शॉकअप घातला म्हणून गाडी वर येत नाही. सामानाचा खर्च वाढतो, पण मजुरी जवळपास तीच, कारण सगळं उतरवलेलंच असतं. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीला मी तरी हेच करीन, शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारं माउंट-बेअरिंगही त्याच झटक्यात.

काहीही बदला, डावं-उजवं जोडीनंच, अन् निघण्याआधी चाकांची अलाइनमेंट.