बोडीच्या पाळीची खाजगी तपासणी: मोजमाप चोख, वर्गवारी चुकलेली

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या एका जुन्या बोडीची (शेतातल्या लहान तलावाची) पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका खाजगी सर्वेक्षकाने पावसाळ्याआधी तपासून दिली. त्या कामाबद्दल आणि अहवालाबद्दल हे मत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली, मालगुजारांचे बहुतेक तलाव सरकारजमा झाले. सातबाऱ्यावरची बोडी मात्र मालकाचीच राहिली, त्यामुळे तिची पाळ बघायची जबाबदारीही त्याचीच.

बोडी अशी: पाळ 180 मीटर लांब, मधोमध साडेचार मीटर उंच. भरली की 2 हेक्टरवर सरासरी दीड मीटर पाणी, म्हणजे 3 कोटी लिटर.

मोजमाप उत्तम झालं. पाळीच्या माथ्यावर दर 10 मीटरला ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावली, म्हणूनच कळलं की बैलगाड्या जातात तिथे माथा अर्धा मीटर दबला आहे. इतरत्र सांडव्यापेक्षा 1.2 मीटर उंच असलेली पाळ तिथे फक्त 70 सेंटिमीटर उंच आहे. पायथ्याचा पाझरही बादली-घड्याळ लावून मोजला: 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली. पाणी निवळ आहे तोवर तेवढा पाझर चालतो. तेच पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवल्यावर तळाशी माती बसली, तर पाळ आतून पोखरली जात आहे. अशा वेळी भोकात चिकणमाती ठोकू नये, पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाड रेती, मग गिट्टी टाकावी आणि तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडून बोडी उतरवावी. हे अहवालात नीट लिहिलंय.

झाडांचा सल्ला मात्र अपुरा. ‘पाळीवरची झाडे तोडावीत’ एवढंच लिहून भागत नाही. मोठा पळस नुसता कापला की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. बोडी आटल्यावर बुंधा मुळांसकट खणून काढावा, खड्ड्याच्या कडा पायऱ्यांसारख्या कापाव्यात, चिकणमाती 15 सेंटिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकणीने) ठोकावा. मातीचा मुठीत लाडू वळावा, पण ती हाताला चिकटू नये, एवढीच ओल हवी.

खरी तक्रार शेवटच्या पानाची. तिथे लिहिलंय: ‘निर्दिष्ट धरण नाही, सबब धोका कमी.’ धरण सुरक्षा अधिनियम 2021 प्रमाणे 15 मीटरपेक्षा उंच धरण निर्दिष्ट ठरतं. 10 ते 15 मीटरचं धरण 500 मीटर लांबी किंवा 10 लाख घनमीटर साठा अशा अटींपैकी एखादी पूर्ण झाली तर. ही बोडी त्यात बसत नाही, हे खरंच. पण ती वर्गवारी कायदा कुणाला लागू, एवढंच सांगते. पाळीत दोष किती गंभीर हे वेगळं. त्यासाठी नाशिकची धरण सुरक्षितता संघटना तीन वर्ग वापरते, पहिला सर्वात गंभीर. आणि पाळ फुटली तर कुणाचं काय जाईल, हे तिसरंच. त्यासाठी नाल्याकाठाने खाली चालत जावं लागतं. इथे 300 मीटरवर टोली (छोटी वस्ती) आहे, अंगणवाडी आहे. सर्वेक्षक तिकडे फिरकलाच नाही. साडेचार मीटरच्या पाळीमागचं पाणी रात्री झोपलेल्या टोलीत शिरलं, तर त्याला कमी धोका कसं म्हणायचं?

सांडव्याची नोंदही राहून गेली. मासे निसटू नयेत म्हणून तिथे जाळी आणि 30 सेंटिमीटर उंच रेतीची पोती लावलेली आहेत. सांडवा 6 मीटर रुंद. त्यावरून अर्धा मीटर पाणी गेलं तर सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर निघतं, आणि दबलेल्या जागी 20 सेंटिमीटर शिल्लक राहतात. पोती असतील तर तेवढंच पाणी गाडीवाटेवरून 10 सेंटिमीटर वाहील, आणि मातीची पाळ तिथूनच कापली जाईल.

मोजमापाला पाचपैकी साडेचार, वर्गवारीला एक. काम द्याल तेव्हा खालच्या वस्तीची पाहणी आणि सांडव्याचा हिशेब लेखी मागा. पोती मृगाआधी काढा. जाळी सांडव्याच्या तोंडाशी न लावता चार-पाच मीटर मागे, बांबूच्या खुंट्यांवर लांब अर्धगोलात लावा, म्हणजे काडीकचरा अडला तरी पाण्याला वाट राहते.