फ्लॉइड की टू-पॉइंट? ट्रेमोलोवाली गिटार घेण्याआधी

सेकंडहँड गिटार विकणारे बरेचदा नुसतं 'व्हॅमी बार आहे' (म्हणजे सूर खालीवर करायचा दांडा, ट्रेमोलो) एवढंच लिहितात, त्यामुळे ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, कुठला ते फोटो झूम करून आपणच ओळखायचं. आधी नट बघा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. तिथे धातूचे तीन चौकोनी तुकडे आणि त्यात अ‍ॅलनचे स्क्रू दिसले तर लॉकिंग ब्रिज, म्हणजे फ्लॉइड रोझ किंवा त्याच्या जातीतला एखादा, आणि मग ब्रिजच्या मागच्या टोकाला सहा फाईन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) पण दिसतीलच. नट साधा असेल तर ब्रिजची पुढची कड बघा. सहा स्क्रूंची रांग असली तर 1954 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरपासून (स्ट्रॅट) चालत आलेला जुना प्रकार, आणि दोनच जाड खांब असले तर टू-पॉइंट. बॉडीच्या वरच मोठा दांडा, त्याखाली एकच जाड स्प्रिंग आणि तारा एका रुळावरून गेलेल्या, ती बिग्जबी. फेंडरच्या जॅझमास्टर गिटारवाला प्रकार 1958 चा, त्यात ब्रिज वेगळा आणि दांड्याची पट्टी वेगळी, मस्त वाजतो, पण आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात मला कमीच दिसला. मागच्या बाजूचा पण फोटो मागून घ्या, कारण पहिल्या तिन्ही प्रकारांत मागे स्प्रिंगांचा खड्डा असतो आणि त्यात काय अवस्था आहे ते कळतं.

बिग्जबीबद्दल थोडक्यात सांगतो. हलका थरथराट हवा असेल तर तिच्यासारखा गोडवा दुसऱ्यात नाही, पण तारा बदलताना बॉल-एंड त्या छोट्या खुंटीवर टिकवणं कटकटीचं आहे आणि खोल डाईव्ह, म्हणजे बार दाबून सूर पार खाली नेणं, तिच्याकडून होणार नाही. त्यामुळे खरा प्रश्न बहुतेकांसाठी लॉकिंग की टू-पॉइंट हाच असतो. दोन्ही मी बरीच वर्षं वाजवलेत.

लॉकिंगचं जे कौतुक होतं ते खरंच आहे. तार दोन्ही टोकांना आवळलेली असल्यामुळे नटमध्ये घासून सूर उतरायचा प्रश्नच उरत नाही, बार पार खाली दाबून तारा लोंबकळेपर्यंत नेल्या तरी परत जागेवर येतात. टू-पॉइंटला ते तसं फुकट मिळत नाही. तिसरी तार नटमध्ये अडकते, ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो तो तोच, मग खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, नट नीट फाईल करून घ्या, जमलं तर लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या खुंट्या) बसवा. एवढं केल्यावर माझ्या कानाला तरी साध्या वापरात फारसा फरक जाणवत नाही, ज्याला रात्रभर डाईव्ह-बॉम्ब मारायचेत त्याचं मत वेगळं असू शकेल.

पण माझा निर्णय ठरला तो ड्रॉप डीवर, म्हणजे फक्त सहावी तार ई वरून डी ला उतरवायची ट्युनिंग. फ्लोटिंग ब्रिजमध्ये एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा, आणि दोन्हीकडची ओढ जमली की ब्रिज मध्ये तरंगतो. दहा-सेहेचाळीसच्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सेटची स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये मिळून साधारण 47 किलोची ओढ असते. सहावी तार ई वरून डी ला उतरवली की त्यातली दीडेक किलो जाते, ब्रिज स्प्रिंगांकडे झुकतो आणि बाकीच्या पाचही तारा चढतात, त्या खाली आणायला गेलात की ओढ अजून कमी, ब्रिज अजून मागे, आणि आत्ता लावलेली सहावी परत चढलेली. त्यात नट लॉक असेल तर आधी 3 मिमीची अ‍ॅलन की शोधून नट उघडा, कारण फाईन ट्यूनरमध्ये तेवढा पल्ला नसतो. घरी बसून हे ठीक आहे हो. ऑर्केस्ट्रात एक गाणं स्टँडर्डमध्ये, पुढचं ड्रॉप डी, आणि मध्ये निवेदक जेवढा वेळ बोलेल तेवढाच आपला, तिथे हे जमत नाही म्हणजे नाही. एक तार तुटली तरी तेच, उरलेल्या पाच तारांवर गाणं पुरं करावं म्हटलं तर त्याही चढलेल्या. आणि एक तार बेंड करून (बोटाने ताणून) दुसरी तशीच धरून ठेवायची असते तेव्हा ती दुसरी उतरते, डबल-स्टॉपवाल्यांना, म्हणजे दोन तारा एकत्र वाजवणाऱ्यांना, हे रोज खटकेल.

नट उघडायचं सोडलं तर हे सगळे त्रास तरंगणाऱ्या टू-पॉइंटलाही आहेत, हे मान्य. पण टू-पॉइंट बॉडीवर टेकवणं सोपं आहे, मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन स्क्रू आवळायचे, लागली तर एक स्प्रिंग वाढवायची, झालं. बार वर ओढता येत नाही, खाली मात्र सगळं होतं, आणि ड्रॉप डीला फक्त एक खुंटी फिरवायची. लॉकिंगही टेकवता येतो, रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा टेकलेलाच असायचा आणि त्याचा डी-ट्यूना (सहावी तार झटक्यात डी ला उतरवणारं साधन) पण टेकलेल्या ब्रिजवरच नीट चालतो, पण बॉडीत ब्रिजखाली खड्डा कोरलेली गिटार असेल तर आत लाकडाचा ठोकळा बसवावा लागतो, आणि नटचं कुलूप आहेच.

अजून एक, मुंबई-कोकणातल्या हवेत बारीक स्क्रू गंजतात, आणि लॉकिंगमध्ये अशा स्क्रूंवरच सगळा कारभार. स्वस्त कॉपीचा धातू मऊ असतो, खांबावर टेकणारी धार झिजली की कितीही सेटिंग करा, सूर परत येत नाही. म्हणून लॉकिंगच हवा असेल तर ओरिजिनल फ्लॉइड किंवा आयबानेझचा एज (त्यांचा लॉकिंग ब्रिज) असलेलीच बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

गिटार हातात आली की बार नंतर हलवा. आधी सहावी डी ला उतरवा आणि बाकीच्या पाच छेडून बघा, मग बार दोनचारदा दाबून परत ऐका.