बिलात नवा पंप, टाकीवर जुनाच

बाबांच्या गाडीच्या बिलात ‘फ्युएल पंप असेंब्ली, नवीन’ अशी ओळ आहे, ८,६०० रुपयांची. तो पंप गाडीत कधी बसवलाच गेला नाही. त्याच बिलात ‘ईसीएम रिपेअर’चे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचे, ९,५०० रुपये लावलेत आणि खाली प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, मजुरी. गाडीचा खरा बिघाड होता एका इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या पार्टचा. पावसाळ्यात गाड्या सुरू व्हायला त्रास देतात आणि माणूस घाबरून दिसेल त्या गॅरेजमध्ये शिरतो. त्यातही एकटे आलेले वयस्कर गृहस्थ दिसले की काही गॅरेजवाल्यांना आयतंच गिऱ्हाईक मिळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१३ची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची छोटी हॅचबॅक. आईला परळला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागतं, मुलुंडहून रिक्षा केली तर ती सायनच्या पुढे जात नाही, म्हणून घरात या गाडीवर बरंच काही अवलंबून आहे. पाऊस सुरू झाला आणि सकाळी सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. पकडलं तरी थरथरायचं. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग हलायचं, दुसऱ्या गिअरमध्ये पिकअपच नाही, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आणि डॅशबोर्डवर चेक लाइट. एकदा आई गाडीत असताना एलबीएस रोडवर भर गर्दीत बंद पडली. दुसऱ्या दिवशी बाबा गॅरेजमध्ये गेले.

तिथल्या माणसाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीन बाबांकडे वळवली. “बघा काका, ईसीएम फॉल्ट दाखवतोय. पंपाचं प्रेशरपण नाहीये. दोन्ही केलं नाही तर हायवेवर कुठेही बंद पडेल, मग आम्हाला बोलू नका.” बाबांच्या डोळ्यांसमोर आदल्या दिवशीचा एलबीएस रोड होता. त्यांनी होकार दिला. पण पोस्टातली जुनी सवय म्हणून त्यांनी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, आणि पुढे तोच कामाला आला.

त्या फोटोत एकच कोड आहे : पी०३०३. याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट जळत नाही, एवढाच. पी०३०१ असेल तर पहिला सिलिंडर, पी०३०४ असेल तर चौथा, आणि पी०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे कोड वेगळे असतात, पी०६०६ हा त्यातला एक. तेव्हा ‘ईसीएम फॉल्ट’ हे वाक्य स्कॅनरचं नव्हतं, त्या माणसाचं होतं. शिवाय पी०३०३ हा कोड लक्षण सांगतो, पार्ट सांगत नाही. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी मिळत नसेल, पेट्रोल मिळत नसेल, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलेलं असेल, कुठून तरी जादा हवा शिरत असेल. यातलं नेमकं काय, हे तपासावं लागतं. आणि साधा विचार केला तरी कळतं की पंप चारही सिलिंडरना पेट्रोल देतो. त्याचं प्रेशर पडलं तर त्रास बहुतेक चारही ठिकाणी दिसेल, एकट्या तिसऱ्याला नाही. प्रेशर नाही म्हणाले, पण प्रेशर मोजायचं गेज त्यांनी लावलंच नव्हतं. बाबा तिथेच उभे होते.

गाडी परत आली तेव्हा खरंच बरी चालत होती. या फसवणुकीतला सगळ्यात घातक भाग मला हाच वाटतो. त्यांनी कोड पुसले होते आणि नवे प्लग घातले होते. जुन्या प्लगमध्ये झिजून गॅप वाढलेला असतो, तिथे ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. नव्या प्लगमध्ये गॅप कमी, त्यामुळे अशक्त झालेली कॉइलही काही दिवस निभावून नेते. गिऱ्हाईकाला वाटतं, पंप आणि ईसीएमचाच गुण आला. जोराचा पाऊस झाला आणि पुन्हा तीच थरथर. बाबा परत गेले तर आता सांगितलं, “इंजिनचं काम निघालंय, हेड उघडावं लागेल.” अंदाज ३५,००० रुपये. त्या रात्री बाबांनी मला फोन केला.

आम्ही गाडी भांडुपला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी बाबांनाच प्रश्न विचारले. सेल्फ सुस्त फिरतो की जोरात? सुस्त असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल, सेल्फची मोटर बघायची. जोरात फिरूनही पकडत नसेल तर ठिणगी आणि पेट्रोल. त्रास थंड गाडीला की तापलेल्या? पावसात वाढतो का? मग बॅटरीला मीटर लावला. बंद गाडीत १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या वर, चालू इंजिनवर १४.२. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठीक. चावी ऑन केली आणि आम्हाला गप्प राहायला सांगितलं. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज आला. पंप फिरत होता. त्यानंतर त्यांनी प्रेशरही गेज लावून मोजलं आणि ते बरोबर निघालं.

मग इंजिनवरचं कव्हर काढलं. चार प्लगवर चार कॉइल. तिसरी कॉइल उचलली तर खालचा रबरी बूट तेलाने माखून फुगलेला. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरत होतं. अशा बुटातून ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याऐवजी बाजूच्या लोखंडात पळते आणि पावसाळी दमटपणात हे वाढतं. तरी मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर लावली, पहिलीची तिसऱ्यावर, कोड पुसून गाडी फिरवून आणली. आता कोड आला पी०३०१. कॉइलबरोबर दोषही हलला. या चाचणीला एक रुपयाचा पार्ट लागत नाही, वेळ अर्ध्या तासाच्या आत. गाडीला प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र कॉइल असेल आणि एकाच सिलिंडरचा कोड येत असेल, तर महागडा पार्ट बदलायच्या आधी ही अदलाबदल करून दाखवा म्हणून आग्रह धरा. दोष जागचा हलला नाही तर पुढे प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं बघत जाता येतं. नवी कॉइल, पॅकिंग आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये झाले.

मी त्यांना पहिलं बिल दाखवलं. त्यांनी काही न बोलता मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर वर्षानुवर्षांची घट्ट धूळ, स्क्रूंना पाना लागल्याची खूण नाही. झाकण उघडल्यावर पंपावर छापलेला महिना आणि वर्ष दिसलं : २०१३. मी प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि व्हिडिओ घेतले. बाबा बाजूला उभे राहून ते वर्ष पुन्हा पुन्हा वाचत होते. त्या वेळचा त्यांचा चेहरा आठवला की मला अजून संताप येतो. पैशांपेक्षा ‘आपल्याला म्हातारा समजून लुबाडलं’ हे त्यांना जास्त लागलं.

पहिल्या गॅरेजला फोटोंसह लेखी पत्र दिलं. पंपाचे ८,६०० रुपये त्यांनी ‘मुलाकडून एंट्री चुकून झाली’ म्हणत परत केले. ईसीएमच्या बाबतीत मात्र ‘उघडून रिपेअर केला होता’ यावर ते अडून बसले. केसिंगचं मूळ सील शाबूत आहे, त्याचे फोटो आमच्याकडे आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण गॅरेजने दाद दिली नाही. आता मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ‘बिल कशाला, जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हटलं तरी बिल घ्याच. आमच्याकडे ते होतं म्हणूनच पंपाचे पैसे सुटले.

तुमची गाडी अशा कामासाठी कुठे टाकाल तेव्हा जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहा : ‘जुने पार्ट परत हवेत, विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये.’ स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो कोड पुसायच्या आधी काढा. आणि चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी तशीच चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होऊ शकतो. तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.